जुनी नौका, नवे इंजिन



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल की, वसंतातल्या संध्याकाळी इंजिनाच्या गोष्टी कशाला? परंतु रेवसच्या धक्क्यावर अर्धा तास उभे राहा आणि मग सांगा, की या गावाचे आणि इंजिनाचे काही नाते नाही. समोर करंजा, मध्ये धरमतरची खाडी, पलीकडे मुंबई. या पाण्यावर ज्यांचे पोट आहे त्या प्रत्येकाचा संसार एका धडधडणाऱ्या यंत्रावर उभा आहे. मच्छीमार नौका असो की उतारूंची लाँच असो, लाकडी सांगाडा नीट राखला तर पुष्कळ वर्षे टिकतो. इंजिन मात्र त्याच्या आधी थकते. मग प्रश्न येतो, की या जुन्या नौकेत नवे इंजिन कोणते बसवावे? आणि आजकाल त्याचे उत्तर एका शब्दात दिले जाते: टर्बो.

हा शब्द तरुणांना मोटारींमुळे माहीत आहे. जुनी स्पोर्ट्स मोटार घ्यावी, तिच्यातले इंजिन काढून टर्बोचार्जर लावलेले नवे बसवावे, हा छंद जगभर आहे. हौसेला मोल नसते आणि मोटार बिघडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. आपल्या नौकेचे तसे नाही. तिचे इंजिन बंद पडले तर उभे राहायला कडा नाही. म्हणून मोटारीतला विचार समजून घेऊ, पण निर्णय नौकेच्या मापाने करू.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनाची शक्ती तेलातून येते खरी, परंतु तेल जळायला हवा लागते आणि तीही थोडीथोडकी नव्हे. एक लिटर डिझेल पुरते जळण्यासाठी किमान दहा घनमीटर हवा लागते. म्हणजे लहानशा खोलीचा निम्मा भाग. साध्या इंजिनाचा दट्ट्या खाली जाताना जेवढी हवा ओढील तेवढीच त्याच्या वाट्याला येते. हवा तेवढीच आणि तेल मात्र जास्त ओतले, तर शक्ती वाढत नाही. काळा धूर वाढतो. दुसरीकडे, जाळलेल्या तेलातील साधारण एक तृतीयांश उष्णता धुराच्या नळावाटे फुकट जाते. या वाया जाणाऱ्या धुराने एक लहान चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवायचे आणि त्याच्याकरवी हवा दाबून इंजिनात भरायची, ही झाली टर्बोचार्जरची युक्ती. मिनिटाला लाखभर फेरे घेणारी ही चक्रे तळहातावर मावतील एवढी असतात. हवा दाबली की तापते, पार शंभर अंशांच्या पुढे जाते. आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून तिला इंजिनात सोडण्यापूर्वी गार करणारी पेटी बसवतात, तिला इंटरकूलर म्हणतात.

ही कल्पना मोटारवाल्यांची, असा समज आहे. तो खरा नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले आणि तिचा पहिला मोठा उपयोग झाला तो समुद्रावर. १९२०नंतरच्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्त्सिग’ या दोन जर्मन उतारू जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती या युक्तीने १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. मोटारीत टर्बो विक्रीला आला तो १९६२ साली, अमेरिकेत. त्या वर्षी निघालेल्या ओल्डस्मोबील जेटफायर या गाडीची कथा उद्बोधक आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवा जास्त दाबली की मिश्रण अवेळी पेटते आणि इंजिन आतून ठोके खाते. ते टाळण्यासाठी त्या गाडीत पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण फवारण्याची सोय केली होती. मालकाने त्याची टाकी वेळोवेळी भरावी अशी अपेक्षा होती. पुष्कळांनी ती भरली नाही. शेवटी कंपनीने कित्येक गाड्यांतून टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. यंत्र हुशार होते. पण वापरणाऱ्याच्या हातून रोज काय होईल आणि काय होणार नाही, याचा हिशेब कोणी केला नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आपल्याला ती पुढे लागणार आहे.

डिझेलच्या इंजिनाला हे ठोक्याचे दुखणे नाही, कारण त्यात दट्ट्या फक्त हवा दाबतो आणि तेल शेवटी फवारले जाते. त्यामुळे टर्बो आणि डिझेल यांचा संसार चांगला चालतो. त्याच वजनाच्या इंजिनातून जास्त काम निघते आणि तेवढ्याच कामाला तेल थोडे कमी लागते. हे गुण खरे आहेत. मग अडते कुठे? अडते ते असे की, आपण इंजिन विकत घेतो ते अश्वशक्तीचा आकडा पाहून, आणि नौका काही आकड्यावर चालत नाही.

नौका चालू लागली की नाळेपाशी एक लाट उठते आणि दुसरी मागे वऱ्हाडासारखी येते. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. तिची लांबी नौकेच्या लांबीएवढी झाली की नौका आपणच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात सापडते आणि पुढे जायचे म्हणजे तिला चढण चढावी लागते. ही मर्यादा काढण्याचा एक ढोबळ नियम आहे: पाण्याच्या रेषेवर नौका जितके फूट लांब असेल त्याचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याला १.३४ ने गुणावे. येईल तो वेग नॉटमध्ये. पंचेचाळीस फुटांच्या नौकेला हा वेग ९ नॉट येतो. पाण्यावरून घसरत जाणाऱ्या हलक्या स्पीडबोटी ही मर्यादा ओलांडतात. आपल्या भरदार लाकडी नौका नाही. शिवाय त्या मर्यादेच्या अलीकडेही वेग स्वस्त नसतो. लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती तेहतीस टक्के जास्त लागते.

आता एक हिशेब करू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या नौकेचे घालून पाहा. पाण्यावर पंचेचाळीस फूट लांब असलेली नौका जुन्या इंजिनाच्या १०० अश्वशक्तीवर ८ नॉटने चालते आणि तासाला २१ लिटर डिझेल पिते. मासेमारीच्या जागी जाऊन येऊन ८० सागरी मैल होतात. म्हणजे दहा तास आणि २१० लिटर.

नाखव्याने २०० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन घेतले आणि ते पुरे दाबून चालवले, तर नौका ९ नॉटच्या आसपास जाईल. फेरी नऊ तासांच्या आत होईल, पण तासाला ३७ लिटर याप्रमाणे सुमारे ३३० लिटर डिझेल जळेल. सव्वा तासाहून कमी वेळ वाचला आणि १२० लिटर जास्त गेले. लिटरला ९० रुपये धरले तर एका फेरीला १०,८०० रुपये.

उलट, त्याने १२० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन घेतले आणि ते १०० वर चालवले, तर तासाला १९ लिटर, म्हणजे १९० लिटरांत काम होईल. वीस लिटर वाचले आणि इंजिनावर ताणही नाही. आणखी एक नॉट सोडून ७ नॉटने गेला, तर दीड तास जास्त लागेल, पण १४५ लिटरांत भागेल.

हा हिशेब एकट्या नाखव्याचा नाही. जिथे वाट्याची पद्धत आहे तिथे डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च आधी वजा होतो आणि उरलेल्याचे वाटे पडतात. याचा अर्थ, जास्तीच्या १०,८०० रुपयांतला हिस्सा खलाशाच्या वाट्यातून जातो. इंजिन निवडताना त्याला कोणी विचारलेले नसते. बिल मात्र त्याच्याही नावे फाटते.

जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरला वेगापेक्षा ओढ लागते आणि तिथे जास्त शक्तीचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो उपयोग कमी फेऱ्यांत भरपूर जोर देणाऱ्या इंजिनाचा आणि मोठ्या पंख्याचा असतो. वरच्या टोकाच्या आकड्याचा नव्हे. आणि एकाने शक्ती वाढवली म्हणून शेजाऱ्याने वाढवावी, त्याने वाढवली म्हणून तिसऱ्याने, अशी चढाओढ लागली तर समुद्रातले मासे काही वाढत नाहीत. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर भारी शक्तीच्या इंजिनांवरून मच्छीमारांमध्येच तंटे माजले, ते यामुळेच.

आता आकड्याच्या आत डोकावू. एकाच इंजिनाचे दोन आकडे असतात. एक, थोडा वेळ काढता येणाऱ्या शक्तीचा. दुसरा, दिवसरात्र काढता येणाऱ्या शक्तीचा. विक्रेता पहिला सांगतो, आपल्याला दुसरा हवा असतो. ट्रकचे जुने इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून नौकेत बसवणारे पुष्कळ आहेत. ट्रक कर्नाळ्याची चढण चढतो आणि मग उतारावर दम खातो. नौकेला उतार नाही. बंदर सोडल्यापासून जाळे टाकीपर्यंत ती चढणच चढत असते. ट्रकमध्ये उत्तम असलेले इंजिन नौकेत लवकर का फुटते, त्याचे कारण एवढेच आहे.

इंजिन आणि पाणी यांच्यामध्ये गिअर बॉक्स, शाफ्ट आणि पंखा ही तीन माणसे उभी असतात. त्यांना न विचारता केलेला सौदा फसतो. जुने इंजिन संथ फिरणारे, नवे टर्बो इंजिन मिनिटाला १८०० किंवा त्याहून अधिक फेरे घेणारे. मोठा पंखा सावकाश फिरला तरच पाण्याला चांगला रेटा देतो. तेव्हा १८०० चे ६०० करायला तीनास एक या प्रमाणाचा गिअर बॉक्स लागेल, वाढलेला पीळ सोसणारा शाफ्ट लागेल आणि पंखाही बदलावा लागेल. ‘पंखा जुनाच राहू द्या’ असे कोणी सांगितले, तर इंजिनाची खरी किंमत त्याने तुम्हाला सांगितलेली नाही असे समजा. पंखा बरोबर आहे की नाही, हे कळण्याची परीक्षा सोपी आहे. नौका नेहमीएवढी भरा, इंजिन पुरे दाबा आणि फेऱ्यांचा काटा पाहा. कंपनीने लिहिलेले फेरे गाठले तर ठीक. काटा खालीच अडला आणि धूर काळा आला, तर पंखा इंजिनाला जड होतो आहे. असे इंजिन चालते, पण तापलेल्या धुराने आधी त्याचा टर्बो जातो आणि मग झडपा.

टर्बो इंजिनाला आणखी एक खोड आहे. संथ चालत असताना धूर थोडा, म्हणून दाबलेली हवाही थोडी. अशा वेळी एकदम जोर मागितला तर तो क्षणभर थांबून येतो. भर समुद्रात याचे काही वाटत नाही. परंतु ओहोटीच्या ओढीत, भरलेली लाँच धक्क्याला लावताना इंजिन उलटे फिरवून तिला थोपवायचे असते आणि तिथे तो क्षण महाग पडतो. म्हणून उतारूंच्या लाँचसाठी इंजिन घेताना, कमी फेऱ्यांवर ते किती जोर देते हे कागदावर पाहावे आणि नंतर प्रत्यक्ष पाण्यात पाहावे.

रेवसचा स्वतःचा एक प्रश्न आहे, तो म्हणजे गाळ. ओहोटीला इथे पाण्यापेक्षा चिखल जास्त असतो. नौकेचे इंजिन समुद्राच्या पाण्याने गार होते आणि टर्बो इंजिनाला तर हवेची पेटीही गार ठेवायची असते. गाळाने नळ्या आणि गाळण्या भरल्या की उष्णता जायला वाट राहत नाही. याला दोन उपाय. गाळणी दुहेरी असावी, म्हणजे एक साफ करताना दुसरी चालू राहते. किंवा इंजिनाचे गोडे पाणी तळाखालच्या नळ्यांतून फिरवून बाहेरच्या बाहेर गार करावे. खाऱ्या पाण्याने कुजणाऱ्या भागांसाठी जस्ताचे तुकडे लावतात. ते झिजण्यासाठीच असतात, वेळेवर बदलावे लागतात.

यापुढची गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण तिच्यात माणसे मरतात. चालत्या इंजिनात टर्बोचे धुराकडचे घर पाचशे अंशांच्या पुढे तापू शकते. डिझेलची वाफ ठिणगीवाचून पेटायला अडीचशेच्या आसपास उष्णता पुरते. लाकडी नौका, अरुंद केबिन, कोपऱ्यात तेलकट चिंध्या, आणि कंपनाने सैल झालेल्या एखाद्या नळीतून तापल्या लोखंडावर उडालेली डिझेलची बारीक पिचकारी. पुढचे सांगायला नको. ट्रकमध्ये वाऱ्याचा झोत असतो, केबिनमध्ये नसतो. म्हणून नौकेसाठी घेतलेल्या इंजिनात धुराचे भाग पाण्याने वेढलेले किंवा न जळणाऱ्या वेष्टनाने झाकलेले असलेच पाहिजेत, आणि डिझेलच्या नळ्या त्यांच्यापासून दूर नेलेल्या असल्या पाहिजेत. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, इथे नको.

तसेच वजनाचे. जुने इंजिन बोजड होते, पण ते वजन तळाशी राहून नौकेला स्थिर ठेवत होते. नवे हलके बसवले आणि वाचलेल्या वजनात वर जास्त माणसे किंवा सामान चढवले, तर तोल बिघडतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून याच रेवसला यायला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ लाटांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. या किनाऱ्यावरच्या माणसाला तोल म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. आणि चाचणीविषयीही एक सांगितले पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या एका वेगवान नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू असताना तिच्यावरचा ताबा सुटला आणि ती घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या उतारू बोटीवर आदळली. डझनाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. नवे इंजिन बसवले की त्याची परीक्षा रिकाम्या पाण्यात, उतारूंच्या वाटेपासून दूर घ्यावी.

कायद्याचेही दोन शब्द. मोटारीचे इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बदलता येत नाही, असे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते. नौकेलाही हेच तत्त्व लागू आहे. मच्छीमार नौकेच्या नोंदणीत इंजिनाचा तपशील असतो. उतारू लाँचची तपासणी सागरी मंडळाकडून होते. कागदावर एक आणि केबिनमध्ये दुसरे इंजिन असले, तर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवते ते नेमके त्या कागदावर.

आता मी माझ्या मूळच्या मुद्द्यावर येतो. माझा जन्म कामगारांच्या चळवळीत गेला, म्हणून यंत्र पाहिले की त्याच्या शेजारी कोण उभा आहे हे मी आधी पाहतो. टर्बोच्या धुरी तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतात. वंगण काळे झाले, गाळणी तुंबली, किंवा धक्क्याला लागल्याबरोबर तापलेले इंजिन खाडकन बंद केले, तर त्या धुरी जळतात. इंजिन बंद करण्यापूर्वी तीन-चार मिनिटे संथ चालू ठेवले पाहिजे. ही काळजी नाखवा घेत नाही, विक्रेता घेत नाही. ती घेतो इंजिनावरचा ड्रायव्हर. त्या जेटफायर गाडीची टाकी ज्यांनी भरायची होती त्यांना कोणी आधी विश्वासात घेतले नव्हते. आपल्याकडेही, ज्याने इंजिन सांभाळायचे त्याला ते पहिल्यांदा दिसते ते केबिनमध्ये बसवल्यावर. आवाजात त्याचे कान जातात, उष्णतेत त्याचे दिवस जातात, आणि इंजिन जळाले की दोष त्याच्या माथी येतो.

म्हणून माझी सूचना अशी. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. इंजिन बदलण्याचे काम त्या दोन महिन्यांत होते, पण निवड त्याच्या आधी, या चैत्र-वैशाखात करायची असते. त्या वेळी नाखवा, तांडेल, ड्रायव्हर आणि मिस्त्री यांनी एका जागी बसावे आणि विक्रेत्याला पाच प्रश्न लेखी विचारावेत. सतत चालवण्याची शक्ती किती? किती फेऱ्यांवर सर्वांत जास्त जोर मिळतो? गिअर बॉक्स, शाफ्ट आणि पंखा धरून एकूण किंमत किती? धुराचे तापलेले भाग झाकलेले आहेत काय? आणि बिघाड झाला तर सुटा भाग किती दिवसांत, कुठून येणार? पुण्यात किर्लोस्करांची आणि कमिन्सची इंजिने पुष्कळ वर्षे तयार होत आली आहेत. या राज्यात जाणत्या कारागिरांचा दुष्काळ नाही. परंतु दूरदेशीचे स्वस्त इंजिन घेऊन एका वॉशरसाठी नौका महिनाभर धक्क्याला बांधून ठेवणारेही या राज्यात आहेत.

या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तर टर्बो इंजिन बेलाशक घ्यावे. ते चांगले यंत्र आहे. उत्तरे देताना विक्रेता पुन्हा अश्वशक्तीच्या आकड्याकडे वळला, तर त्याला चहा पाजावा आणि दुसऱ्या दुकानात जावे. आणि त्या बैठकीत ड्रायव्हरला शेवटी नव्हे, पहिल्यांदा बोलू द्यावे. जुन्या इंजिनाचे कुठे दुखत होते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.